द्रव स्फटिकाचा पातळ थर: एका पथांतरातून जाडी, द्विअपवर्तन आणि दिशा वेगळी कशी काढावी

परभणीच्या एका वरिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या आणि सोबतच पीएच.डी. करणाऱ्या एका प्राध्यापकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी १२ मायक्रॉनची मायलर फिल्म स्पेसर म्हणून, म्हणजे दोन काचांमध्ये अंतर राखण्यासाठी, वापरून काचेचा सेल बनवला, त्यात ५सीबी हा नेमॅटिक (ज्यात रेणू सरासरीने एकाच दिशेने राहतात असा) द्रव स्फटिक भरला आणि भूगर्भशास्त्र विभागाच्या पोलरायझिंग मायक्रोस्कोपवर सोडियमच्या प्रकाशात, कॉम्पेन्सेटर (पथांतर भरून काढून मोजणारे साधन) लावून पथांतर, म्हणजे थरातून जाताना दोन ध्रुवित किरणांमध्ये पडणारे अंतर, मोजले. पथांतराला १२ मायक्रॉनने भागल्यावर सकाळी द्विअपवर्तन, म्हणजे त्या दोन किरणांच्या अपवर्तनांकांतला फरक, ०.२१ आले, दुपारी ०.१४ आले आणि एप्रिलमधल्या एका दुपारी तर दृश्यक्षेत्र पूर्ण काळे पडले. स्टेज कितीही फिरवले तरी उजेड दिसेना. छापील तक्त्यांत २५ अंश सेल्सिअसला ०.१८ च्या आसपासचा आकडा आहे. पदार्थ अशुद्ध आहे, सेल बिघडला आहे की पद्धतच चुकीची आहे, आणि अशा पातळ थरासाठी कोणत्या प्रकाशीय पद्धती कोणत्या क्रमाने वापराव्यात, असे त्यांनी विचारले आहे. हा मायक्रोस्कोप, सोडियमचा दिवा आणि हीलियम-निऑन लेसर त्यांच्या महाविद्यालयात आहेत. स्पेक्ट्रोफोटोमीटरसाठी विद्यापीठात जावे लागते.

पदार्थाला दोष देण्याची घाई करू नये. आधी ०.१४ ला ०.२१ ने भागून पाहावे. उत्तर दोन तृतीयांश येते. दोन्ही मोजमापे एकाच सेलवर घेतलेली असल्याने या भागाकारात जाडी उरतच नाही, आणि म्हणून जाडीबद्दलची कोणतीही चूक या आकड्याला स्पर्श करू शकत नाही. ५सीबीचे द्विअपवर्तन २५ अंशांना सुमारे ०.१८ आणि ३४ अंशांना सुमारे ०.१२ असते, म्हणजे त्यांचेही गुणोत्तर दोन तृतीयांशच आहे. सकाळी तुमच्या टेबलावरचा सेल २५ अंशांच्या आसपास होता आणि दुपारी ३४ च्या आसपास, इतकाच याचा अर्थ होतो, आणि परभणीच्या उन्हाळ्यात त्यात नवल काहीच नाही. आता दुसरी गोष्ट अशी की, तुमचे दोन्ही आकडे खऱ्या किमतीपेक्षा सारख्याच प्रमाणात, म्हणजे एक षष्ठांशाने, मोठे आहेत. भाजक १२ ऐवजी १४ घेतला की दोन्ही आकडे जागेवर येतात. १२ च्या मायलरवर १४ मायक्रॉनची पोकळी राहणे हे नित्याचेच आहे, कारण चिकटद्रव्य फिल्मच्या खाली शिरते, कापलेल्या कडेला सुरकुती राहते किंवा धुळीचा एखादा कण काच उचलून धरतो. काळ्या पडलेल्या दुपारचे कारण तर याहून साधे आहे. ५सीबी ३५.३ अंशांच्या आसपास नेमॅटिक अवस्था सोडून समदिक्, म्हणजे सर्व दिशांना सारखाच असलेला, द्रव होतो, आणि समदिक् द्रवाला द्विअपवर्तन नसते. त्या दिवशी सेल बिघडला नव्हता, खोली तापली होती.

हे अनुमान झाले, मोजमाप नव्हे. प्रबंधात अनुमान चालत नाही, म्हणून पुढचा सगळा खटाटोप करावा लागतो.

काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरांमध्ये सेल ठेवला असता पलीकडे येणारा प्रकाश दोन गुणकांवर अवलंबून असतो. पहिला गुणक रेणूंच्या सरासरी दिशेचा, म्हणजे डायरेक्टरचा, पोलरायझरशी होणारा कोन सांगतो. हा कोन ४५ अंश असताना प्रकाश सर्वाधिक असतो आणि शून्य किंवा ९० अंश असताना काळोख होतो. दुसरा गुणक पथांतर आणि तरंगलांबी यांच्या गुणोत्तराचा आहे, आणि पथांतर म्हणजे जाडी गुणिले परिणामी द्विअपवर्तन. 'परिणामी' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण डायरेक्टर काचेला समांतर असेल तरच पूर्ण द्विअपवर्तन मिळते. तो जितका वर उचललेला, तितके ते कमी होत जाते आणि काचेला लंब झाला की सरळ येणाऱ्या प्रकाशासाठी शून्य होते. म्हणजे जाडी, पदार्थाचा गुणधर्म आणि डायरेक्टरचा तिरकसपणा अशा तीन अज्ञात राशी आणि हाती येणारा आकडा एकच. कॉम्पेन्सेटर कितीही महागाचा आणला तरी तो हा गुणाकार फोडून देत नाही. प्रत्येक राशीसाठी असे मोजमाप निवडावे लागते ज्यात उरलेल्या दोन राशी बोलत नाहीत. पद्धतींचा क्रम त्यावरून आपोआप ठरतो.

जाडी सेल रिकामा असतानाच मोजावी. भरलेल्या सेलमध्ये ती निर्मळपणे मोजण्याची सोय जवळजवळ संपते, कारण द्रव स्फटिकाचा अपवर्तनांक काचेच्या बराच जवळ असतो आणि आतल्या पृष्ठभागांवरून होणारे परावर्तन फार क्षीण होते. रिकाम्या सेलमध्ये मात्र काच आणि हवा यांच्या दोन आतल्या सीमांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे व्यतिकरण होते आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या आलेखावर लाटा उमटतात. सूत्र सोपे आहे: दोन शिखरांच्या तरंगलांबींचा गुणाकार, गुणिले त्यांच्यामधील लाटांची संख्या, भागिले त्यांच्या फरकाची दुप्पट. समजा ७०० आणि ५६० नॅनोमीटरला शिखरे आहेत आणि एका शिखरापासून दुसऱ्यापर्यंत जाताना दहा लाटा पूर्ण होतात, तर ७०० गुणिले ५६० गुणिले १० भागिले २८० म्हणजे १४,००० नॅनोमीटर, अर्थात १४ मायक्रॉन. पोकळीत हवा असल्याने येथे अपस्करणाचा, म्हणजे अपवर्तनांक तरंगलांबीनुसार बदलण्याचा, प्रश्न येत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

परंतु विद्यापीठात जाण्याआधी सेलच्या दोन्ही काचा समांतर आहेत की नाही हे घरच्या घरी पाहून घ्यावे, नाहीतर फेरी वाया जाते. न्यूटनच्या कड्यांच्या प्रयोगासाठी प्रत्येक महाविद्यालयात सोडियमचा दिवा असतो. त्याच्यासमोर दुधी काच ठेवून सेलमधून परावर्तित होणारा पिवळा उजेड तिरक्या नजरेने पाहिला की पोकळीतले काळे पट्टे दिसतात. एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत पोकळीची जाडी साधारण अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे ०.३ मायक्रॉनने, बदलते. दोन सेंटीमीटरमध्ये पाच पट्टे दिसले तर एका टोकाला पोकळी दुसऱ्या टोकापेक्षा जवळपास दीड मायक्रॉन जास्त आहे. आता स्पेक्ट्रोफोटोमीटरचा झोत ३ मिलिमीटर रुंद धरला, तर त्या झोतात पाऊण पट्टा येतो आणि आलेखावरच्या लाटा एकमेकींना पुसून टाकतात. मग पाहणाऱ्याला वाटते की यंत्र बिघडले. कडेच्या क्लिपा हलक्या हाताने सरकवाव्यात, आवश्यक तेथे दाबाव्यात, एखाद-दुसरा पट्टा उरला की मगच चिकटद्रव्य पक्के करावे. पट्टे एखाद्या बिंदूभोवती गोल वळसे घेत असतील तर तेथे धुळीचा कण आहे असे समजून काच उघडून पुन्हा धुवावी. मराठवाड्यात मार्च ते मे या काळात खिडकी उघडी ठेवून सेल बांधायला बसणे म्हणजे हा कण निमंत्रण देऊन बोलावणे होय. काळ्या कागदाला २ मिलिमीटरचे छिद्र पाडून ते सेलवर लावावे, त्या जागेची काचेवर बाहेरून पेनने खूण करावी आणि भरल्यानंतरची सर्व मोजमापे त्याच खुणेवर घ्यावीत. सेलची 'सरासरी जाडी' ही राशी कोणत्याही मोजमापात येत नाही. येते ती एका जागेची जाडी.

दिशा ठरवण्यासाठी पृष्ठभागावर लेप द्यावा लागतो. उद्योगात घासलेल्या पॉलिइमाइडचा लेप वापरतात, परंतु महाविद्यालयात पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे पाण्यातले सुमारे एक टक्क्याचे द्रावण पुरेसे होते. काच त्यात बुडवून सावकाश सरळ वर काढावी, ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांना सुकवावी आणि मखमलीने एकाच दिशेने घासावी. मखमल छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या कोणत्याही कापड दुकानात मिळते, मात्र ती सुती घ्यावी आणि साबण अजिबात उरणार नाही अशी धुऊन घ्यावी, कारण कापडावरची खळ लेपावर उतरते आणि मग काही जागी रेणू आडवे, काही जागी उभे अशी अवस्था होते. घासताना जोर लावून उपयोग नाही. सारख्या दाबाने, पाच-दहा वेळा, एकाच बाजूला. दोन काचा जोडताना घासण्याच्या दिशा एकमेकींच्या विरुद्ध ठेवाव्यात. द्रव स्फटिक मात्र नेमॅटिक अवस्थेत भरू नये. सेल आणि थेंब दोन्ही ४० ते ४५ अंशांवर नेऊन, समदिक् अवस्थेत केशाकर्षणाने आत जाऊ द्यावे आणि मग सावकाश थंड करावे. अन्यथा आत शिरतानाच्या प्रवाहाची दिशा थरात कायम राहते आणि घासण्याची मेहनत फुकट जाते.

भरल्यानंतर पहिली कसोटी काळोखाची. घासण्याची दिशा पोलरायझरला समांतर आली की दृश्यक्षेत्र एकसारखे काळे व्हावे, आणि स्टेजच्या एका फेरीत असे चार वेळा, नेमके ९० अंशांच्या अंतराने, घडावे. काळे होण्याऐवजी रंग फक्त बदलत राहत असतील तर दोन काचांवरच्या दिशा जुळलेल्या नाहीत आणि थरात पीळ आहे. मग वरचे सूत्र लागूच होत नाही. काळ्या क्षेत्रात बारीक उजळ धागे तरंगताना दिसले तर घाबरू नये, पण त्या जागेवर मोजमापही घेऊ नये. लेप मुळीच नसेल तर चार किंवा दोन काळे झाडूसारखे पट्टे एका बिंदूत मिळतात अशी नक्षी दिसते. झाडूंच्या संख्येला चारने भागले की त्या बिंदूतल्या दोषाचे (जेथे रेणूंची दिशा ठरत नाही त्या जागेचे) बल मिळते, आणि दोन्ही पोलरायझर एकत्र फिरवल्यावर झाडू त्याच दिशेने फिरले तर दोष धन, उलट फिरले तर ऋण. हे पाहायला सुंदर असते आणि विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावे, मात्र आपल्या मोजमापाच्या दृष्टीने ती नापास सेलची खूण आहे.

यानंतर तापमान, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच आहे. द्विअपवर्तन रेणूंच्या सुव्यवस्थेवर अवलंबून असते आणि ती सुव्यवस्था समदिक् अवस्थेच्या संक्रमणाजवळ वेगाने ढासळते. ५सीबीसाठी २५ अंशांना तापमान एका अंशाने वाढले तर द्विअपवर्तन सुमारे ०.००३ ने घटते. ३४ अंशांना तीच घट सुमारे ०.०१९ होते. म्हणजे तापमानात अर्ध्या अंशाची अनिश्चितता असेल तर सकाळच्या मोजमापात एक टक्क्याची चूक येते आणि दुपारच्या मोजमापात आठ टक्क्यांची. जाडी ०.१ मायक्रॉनपर्यंत आणि पथांतर १० नॅनोमीटरपर्यंत मोजण्याची सगळी कसरत एका टक्क्याच्या आतली आहे. ती करून झाल्यावर भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा लिहिणे हास्यास्पद आहे. सेल पितळी ठोकळ्यात बसवावा, ठोकळ्याला आरपार छिद्र असावे, आत पाणी फिरवावे आणि थर्मोकपल काचेला टेकलेला असावा. नुसता हीटर लावून आपल्याकडे भागत नाही, कारण खोलीच ३८ किंवा ४० अंशांवर असताना हीटर सेलला २५ वर आणू शकत नाही. फिरणारे पाणी थंड करता येणारे हवे. ते नसेल तर उन्हाळ्याच्या महिन्यांत ५सीबी बाजूला ठेवून ई७ हे मिश्रण घ्यावे, जे सुमारे ६० अंशांपर्यंत नेमॅटिक राहते. हिवाळ्यात उलटी अडचण येते. ५सीबी २४ अंशांच्या खाली स्फटिकरूप घेऊ शकतो, आणि डिसेंबरच्या सकाळी परभणीत तापमान १० अंशांच्या आसपास आलेले असते. पुष्कळदा तो गोठणबिंदूखालीही नेमॅटिकच राहतो, परंतु मोजमाप चालू असताना अचानक सुया फुटू लागल्या तर कारण हे असते. वीज जाऊन पाण्याचे अभिसरण थांबले तर तो दिवस सोडून द्यावा. पुन्हा स्थिर व्हायला जो वेळ लागतो त्यात घाईने घेतलेले वाचन कामाचे नसते.

तापमानाबाबत एक युक्ती मात्र हमखास उपयोगी पडते. थर्मोकपलचा आकडा आणि थराचे खरे तापमान यांत फरक राहतोच, त्यातून मायक्रोस्कोपचा हॅलोजन दिवा सेलला खालून तापवत असतो. म्हणून प्रत्येक वेळी आधी त्याच सेलमध्ये, त्याच दिव्याखाली, संक्रमणाचे तापमान पाहून घ्यावे आणि पुढचे सर्व आकडे 'संक्रमणाच्या किती अंश खाली' असे मांडावेत. थर्मोकपल ०.६ अंशाने खोटे बोलत असेल तर ते दोन्हीकडे सारखेच बोलते आणि वजाबाकीत निघून जाते. पदार्थाच्या शुद्धतेची परीक्षाही यातच होते: शुद्ध ५सीबीमध्ये काळे थेंब आणि उजळ नेमॅटिक क्षेत्र एकत्र दिसण्याचा टप्पा अगदी अरुंद असतो, अशुद्ध पदार्थात तो अर्धा-एक अंश पसरतो आणि संक्रमणही खाली घसरते. तुमच्या कपाटात एमबीबीए या आणखी एका नेमॅटिक पदार्थाची जुनी बाटली असेल तर हा फरक तिच्यात ठळक दिसेल, कारण त्या वर्गाचे रेणू ओलाव्याने तुटतात. इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सायनोबायफेनिल रेणू तयार केले ते अशाच टिकाऊ पदार्थाच्या शोधात, आणि ५सीबी हा त्यांतला आजही सर्वांत जास्त अभ्यासलेला सदस्य आहे.

आता पथांतराच्या मोजमापाकडे येतो. भूगर्भशास्त्राचा मायक्रोस्कोप या कामाला उत्तम आहे, आणि दख्खनच्या बेसाल्टवर वसलेल्या आपल्या भागात तो बहुतेक जुन्या महाविद्यालयांत असतोच. पण ज्या कामासाठी तो बनला आहे त्याचे प्रमाण वेगळे आहे. बेसाल्टचा पातळ छेद ३० मायक्रॉनचा असतो आणि त्यातल्या प्लॅजिओक्लेजचे द्विअपवर्तन ०.०१ च्या आसपास, म्हणजे पथांतर सुमारे ३०० नॅनोमीटर आणि रंग करडा-पांढरा. तुमच्या १४ मायक्रॉनच्या थराचे पथांतर २५ अंशांना ०.१८ गुणिले १४, म्हणजे २,५२० नॅनोमीटर आहे. हा पाचव्या क्रमाचा (व्यतिकरणाच्या रंगांची माळ पाचव्यांदा आल्यावरचा) फिकट गुलाबी-हिरवा प्रदेश आहे, जेथे रंगावरून काहीही ठरवता येत नाही आणि पेटीतली क्वार्ट्‌झची पाचरही अनेकदा अपुरी पडते. रंग वाचायचे असतील तर ५ मायक्रॉनचा सेल बनवावा. त्याचे पथांतर ९०० नॅनोमीटर येते आणि दुसऱ्या क्रमाचा स्वच्छ पिवळा रंग दिसतो. त्यातही रंगांचा तक्ता खनिजांच्या हिशेबाने बनलेला आहे हे विसरू नये. ५सीबीचे द्विअपवर्तन निळ्या प्रकाशात लाल प्रकाशापेक्षा बरेच जास्त असते, त्यामुळे तक्त्यातल्या रंगाशी हुबेहूब जुळणी होणारच नाही.

सेनार्मोंची पद्धत सूक्ष्म पथांतरासाठी सर्वांत चांगली आणि स्वस्त आहे. एकरंगी प्रकाश, सेल ४५ अंशांवर, त्यानंतर पोलरायझरला समांतर बसवलेली पाव तरंगाची पट्टी आणि शेवटी फिरणारा अॅनालायझर, म्हणजे दुसरा पोलरायझर. काळोख परत आणण्यासाठी अॅनालायझर जितके अंश फिरवावा लागतो, त्याला १८० ने भागून तरंगलांबीने गुणले की पथांतराचा अपूर्णांक भाग मिळतो. पट्टी ज्या तरंगलांबीसाठी कापली आहे तीच वापरली पाहिजे. ५४६ साठीची पट्टी सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरला वापरू नये. या पद्धतीत एक अंश म्हणजे जेमतेम ३ नॅनोमीटर. पण पूर्ण तरंग किती आहेत हे ती सांगत नाही. तुमच्या सेलमध्ये सोडियमचे ४.२८ तरंग आहेत. पद्धत सांगेल फक्त ०.२८.

हा चार कुठून आणायचा? येथे दोन सापळे आहेत. पहिला असा की, सेल समदिक् अवस्थेतून थंड करत उजेड-काळोखाच्या फेऱ्या मोजाव्यात असे सुचते. संक्रमण पहिल्या प्रकारचे असल्याने द्विअपवर्तन शून्यापासून हळूहळू वाढत नाही, ते एकदम ०.०८ च्या आसपास उडी घेते. १४ मायक्रॉनमध्ये ही उडी जवळपास दोन तरंगांची आहे, आणि त्या दोन फेऱ्या मोजायला मिळतच नाहीत. दुसरा सापळा स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचा. काटकोनातल्या पोलरायझरांमध्ये भरलेला सेल ठेवून वर्णपटातल्या लागोपाठच्या दोन काळ्या स्थानांवरून पूर्ण तरंगांचा क्रमांक काढला जातो, परंतु त्या सूत्रात द्विअपवर्तन तरंगलांबीनुसार बदलत नाही असे गृहीत असते. ते बदलत असल्याने काळी स्थाने अपेक्षेपेक्षा जवळ येतात आणि क्रमांक एक-दोनने मोठा निघतो, म्हणजे पंचवीस-तीस टक्क्यांची चूक अगदी शास्त्रशुद्ध वाटणाऱ्या आलेखातून बाहेर पडते. वर्णपट वापरायचाच असेल तर अपस्करणाचे सूत्र घेऊन सर्व काळी स्थाने एकत्र जुळवावीत.

क्रमांक ठरवण्याचा मला पटलेला मार्ग व्होल्टेजचा आहे, आणि त्यासाठी काचा वाहक लेपाच्या घ्याव्या लागतात. ५सीबीचे रेणू विद्युतक्षेत्राच्या दिशेने उभे राहू पाहतात. सेलला १ किलोहर्ट्झचे प्रत्यावर्ती व्होल्टेज द्यावे. एकदिश व्होल्टेज देऊ नये, कारण आयन काचांपाशी जमून क्षेत्रच झाकून टाकतात आणि पदार्थही खराब होतो. सुमारे ०.७५ व्होल्टच्या उंबरठ्यापर्यंत काहीच होत नाही, मग डायरेक्टर उचलू लागतो, पथांतर घटू लागते आणि फोटोडायोडवर उजेड-काळोखाच्या लाटा येतात. १० व्होल्टपर्यंत तुमच्या सेलमध्ये चार काळोख मोजता येतील, आणि काचांना चिकटलेल्या पातळ पट्ट्यांमुळे उरणारे पथांतर पाव तरंगापेक्षा कमी असेल. येथे कोणतीही उडी नाही, प्रत्येक फेरी डोळ्यांसमोरून जाते. व्होल्टेजची प्रत्येक पायरी चढल्यावर थांबावे मात्र लागते. थर पूर्ववत होण्याचा काळ जाडीच्या वर्गाने वाढतो. १४ मायक्रॉनला तो पाव सेकंदाच्या आसपास, ५० मायक्रॉनला तीन सेकंदांहून अधिक, आणि उंबरठ्याच्या अगदी जवळ तर थर अतिशय आळशी होतो. संगणकाला भराभर पायऱ्या चढायला लावून मिळवलेला उंबरठा हा बहुधा यंत्राच्या घाईचा आकडा असतो.

याच आलेखातून वरकड लाभही मिळतो. उंबरठ्याचे व्होल्टेज जाडीवर अवलंबून नसते. ते स्प्ले प्रकारचा (रेणूंच्या दिशा पंख्यासारख्या फाकण्याचा) स्थितिस्थापक स्थिरांक आणि परावैद्युत विषमता (विद्युतक्षेत्राला दोन दिशांत मिळणाऱ्या प्रतिसादातला फरक) यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर ठरते. म्हणजे ज्या सेलची जाडी तुम्हाला माहीत नाही त्यावरूनही, परावैद्युत विषमता माहीत असली की, हा स्थिरांक निर्दोषपणे निघतो. ५सीबीसाठी तो २५ अंशांना सुमारे ६ पिकोन्यूटन आहे. उंबरठ्यापुढच्या वक्राच्या उतारावरून बेंड प्रकारचा (दिशा वाकण्याचा) स्थिरांक काढता येतो, पण त्याला संख्यात्मक जुळवणी लागते. उंबरठा तीक्ष्ण न दिसता गोलाईने सुरू होत असेल तर रेणू पृष्ठभागावर आधीच थोडे उचललेले आहेत, आणि तिसऱ्या राशीचा, म्हणजे तिरकसपणाचा, तो पहिला इशारा असतो.

हा तिरकसपणा, ज्याला प्रयोगशाळेत सगळे प्रीटिल्टच म्हणतात, सेल लेसरच्या झोतात फिरवून मोजतात. घासण्याच्या दिशेला लंब असलेल्या अक्षाभोवती सेल दोन्ही बाजूंना फिरवत पलीकडचा प्रकाश नोंदवला की एका कोनाभोवती सममित असा आलेख मिळतो. प्रीटिल्ट शून्य असेल तर सममितीचा कोन शून्य. लहान प्रीटिल्टसाठी सममितीचा कोन भागिले दोन्ही अपवर्तनांकांची बेरीज हेच उत्तर. ५सीबीसाठी ही बेरीज सुमारे ३.२५ असल्याने २ अंशांचा प्रीटिल्ट साडेसहा अंशांच्या सरकण्यात दिसतो. यासाठी ३० ते ५० मायक्रॉनचा वेगळा सेल करावा, कारण पातळ सेलमध्ये फिरवण्याच्या पल्ल्यात पुरेशा लाटाच येत नाहीत. घासलेल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलवर प्रीटिल्ट लहान असतो आणि सरळ येणाऱ्या प्रकाशातल्या द्विअपवर्तनावर दोन अंशांचा परिणाम एक टक्क्याच्याही बराच खाली राहतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नापुरते हे मोजमाप एकदा केले तरी पुरे.

अपवर्तनांक स्वतंत्रपणे हवे असतील तर अॅबे रिफ्रॅक्टोमीटरच्या नेत्रिकेवर पोलरायझर लावून वाचता येतात, पण बहुतेक उपकरणांची मर्यादा १.७० असते आणि ५सीबीचा असाधारण किरणासाठीचा अपवर्तनांक १.७१ च्या आसपास आहे. तेव्हा साधारण किरणाचा, सुमारे १.५३ चा, आकडा उपकरणावर घ्यावा आणि त्यात आपण मोजलेले द्विअपवर्तन मिळवावे.

लेसिथिनचा लेप दिलेल्या काचांमध्ये रेणू काचेला लंब उभे राहतात, आणि असा सेलही एकदा करून पाहावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सरळ प्रकाशात तो पूर्ण काळा दिसतो, समदिक् द्रवासारखाच. फरक कळतो तो जास्त छिद्रकोनाचे भिंग लावून बर्ट्रांड भिंग (वेगवेगळ्या कोनांतून आलेल्या प्रकाशाची नक्षी दाखवणारे) आत सरकवल्यावर. मध्ये काळा क्रूस आणि भोवती वर्तुळे दिसतात, आणि स्टेज फिरवले तरी क्रूस जागचा हलत नाही. जिप्समची पट्टी घातल्यावर तिच्या मंद अक्षाच्या दिशेतले दोन चतुर्थांश निळे आणि उरलेले दोन पिवळे झाले म्हणजे पदार्थ प्रकाशीय दृष्ट्या धन आहे. तुमच्या त्या काळ्या पडलेल्या दुपारी बर्ट्रांड भिंग लावले असते तर क्रूस दिसला नसता आणि पदार्थ समदिक् झाला आहे, उभा राहिलेला नाही, हे तेथल्या तेथे समजले असते.

आता हातातल्या भरलेल्या सेलचे काय करावे? त्याची पोकळी आता मोजता येणार नाही. छापील ०.१८ घेऊन उलट्या हिशेबाने जाडी १४ मायक्रॉन काढता येईल, पण मग त्याच जाडीवरून द्विअपवर्तन 'मोजले' असे लिहिता येणार नाही, कारण घातलेलाच आकडा परत बाहेर येईल. त्या सेलचा उपयोग जाडी गळून पडते अशाच कामांसाठी करावा: प्रत्येक तापमानाचे पथांतर भागिले २५ अंशांचे पथांतर असा आलेख काढावा आणि काचा वाहक असतील तर उंबरठ्याचे व्होल्टेज प्रत्येक तापमानाला नोंदवावे. निरपेक्ष आकड्यासाठी ५ मायक्रॉनचा एक आणि १२ च्या मायलरचा एक असे दोन नवीन सेल बांधावेत, खुणेच्या जागी त्यांची पोकळी विद्यापीठात मोजून आणावी आणि मगच भरावेत. दोन्ही सेलचे द्विअपवर्तन संक्रमणापासून सारख्याच अंतरावर दोन टक्क्यांच्या आत जुळले तर तरंगांचा क्रमांक बरोबर धरला आहे. न जुळल्यास पदार्थाकडे वळण्याआधी जाड सेलच्या क्रमांकात एक मिळवून आणि एक वजा करून पाहावे.